जुनी पुस्तके ग्रंथालयाला देण्याआधी

घर बदलताना, दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत किंवा घरातले वाचणारे माणूस गेल्यानंतर कपाटभर पुस्तकांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक मराठी घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते : जवळच्या वाचनालयाला देऊन टाकू. पुस्तक रद्दीत घालायला मन धजत नाही, फुटपाथवरच्या विक्रेत्याशी घासाघीस करणे जमत नाही, आणि वाचनालयाला दिले की ते कुणाच्या तरी हाती जाईल असा विश्वास असतो. हेतूबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नाही. पण अशी भेट आली की ग्रंथपालाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हे ठेवू कुठे’ हाच, आणि तोंडावर ‘नको’ म्हणणे त्याला अवघड जाते. देणगीदार गावातला असतो, कदाचित आजीव सभासद असतो, कदाचित कार्यकारिणीतल्या कुणाचा नातलग असतो. मग गठ्ठे येतात, जिन्याखाली नाहीतर कपाटांच्या डोक्यावर जातात आणि दोन पावसाळ्यांत त्यांना कसर लागते. ज्या रद्दीपासून पुस्तके वाचवायची होती त्याच रद्दीत ती चार वर्षे उशिरा पोहोचतात, आणि मधल्या काळात ग्रंथालयाची जागा अडवून बसतात.

माझे म्हणणे असे आहे की घरातली जुनी पुस्तके थेट ग्रंथालयाच्या फडताळासाठी देऊ नयेत. ती ग्रंथालयासाठी भरवलेल्या विक्रीला द्यावीत, ही विक्री वाचकांनी स्वतः अंगमेहनतीने चालवावी आणि तिचा पैसा ग्रंथालयाच्या हाती ठेवावा. कारण सरळ आहे. दाखल करून घेतलेले प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाला खर्चात पाडते. त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, वर्गांक लावला जातो, शिक्के मारले जातात, चिठ्ठी आणि खिसा चिकटवला जातो. संगणकीकरण झाले असेल तर आणखी एक नोंद वाढते. पुढे वर्षानुवर्षे परिगणनेच्या वेळी ते शोधावे लागते. पाच खणांच्या लोखंडी कपाटात एका रांगेत लावली तर साधारण दीड-पावणेदोनशे पुस्तके बसतात. तीन हजार पुस्तकांची देणगी म्हणजे सतरा-अठरा कपाटे. तेवढी जागा महाराष्ट्रातल्या फार थोड्या ग्रंथालयांकडे मोकळी असते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे असे सांगते आणि देणग्यांच्या समर्थनार्थ तेच बहुधा पुढे केले जाते. पण पहिले सूत्र पुस्तके वापरासाठी असतात हे आहे. ज्या पुस्तकाला त्या गावात वाचक नाही त्याची भर पडल्याने ग्रंथालय सुजते, वाढत नाही.

हा मार्ग कुणी चालून पाहिला आहे का, असे विचारले तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या आसपास ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ नावाची मित्रमंडळे असतात आणि जुन्या पुस्तकांची विक्री हे त्यांचे हुकमी काम असते. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या जेमतेम तीस हजार वस्तीच्या विद्यापीठनगरीत टॉम्पकिन्स काउंटी ग्रंथालयाचे असे मित्रमंडळ १९४६ पासून आहे. एस्टी स्ट्रीटवर त्याची स्वतःची इमारत आहे. स्वयंसेवक वर्षभर तिथे येऊन आलेली पुस्तके विषयवार लावत राहतात, आणि वसंतात एकदा व शरदात एकदा अशी वर्षातून दोनदा बरेच दिवस चालणारी विक्री भरते. प्रत्येक वेळी पुस्तके, नियतकालिके, नकाशे, तबकड्या मिळून अडीच लाखांच्या घरात वस्तू मांडलेल्या असतात. दर दिवसागणिक उतरत जातात आणि शेवटी शेवटी पिशवीच्या हिशोबाने पुस्तके मिळतात. उत्पन्न ग्रंथालयाला आणि परिसरातल्या वाचनविषयक कामांना जाते. इथाकात कॉर्नेल विद्यापीठ आहे, प्राध्यापकांची घरे पुस्तकांनी भरलेली आहेत, त्यामुळे माल उत्तम मिळतो, हे खरेच आहे. आपल्या तालुक्याच्या गावी ते प्रमाण अपेक्षिणे चुकीचे ठरेल. पण तिथल्या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी प्रमाणावर अवलंबून नाहीत. निवडीचे काम ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांवर टाकलेले नाही. देणगीदाराला आधीच ठाऊक असते की त्याचे पुस्तक विकले जाणार आहे. आणि दर पहिल्या दिवसापासूनच असे ठरवलेले असतात की पुस्तक परत खोक्यात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी जावे. या तिन्ही गोष्टी पाचशे पुस्तकांच्या विक्रीतही पाळता येतात.

आपल्याकडे याची गरज किती आहे हे समजायला पैशाची बाजू पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. तमिळनाडूत १९४८च्या आणि कर्नाटकात १९६५च्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला, तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. आपली गावोगावची ग्रंथालये लोकांनी संस्था म्हणून स्थापन केलेली आहेत आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते. या अनुदानाचा मोठा वाटा वेतनावर जातो, उरलेल्यात पुस्तके, वृत्तपत्रे, भाडे, वीज अशी विभागणी होते. अनुदानात वाढ झाली तरी ती बहुधा आधीच थकलेल्या गरजांत विरून जाते, आणि बालविभागासाठी बुटकी बाके, वाचनकक्षात चांगला उजेड, दृष्टी अधू झालेल्यांसाठी मोठ्या टाइपातली किंवा श्राव्य पुस्तके अशा गोष्टी ‘पुढच्या वर्षी पाहू’ या यादीत राहतात. विक्रीचा पैसा याच यादीसाठी आहे. समजा, तुमच्याकडे तीन हजार पुस्तके आली, त्यांतली अठराशे विकली गेली आणि सरासरी ३५ रुपये मिळाले. ते झाले ६३,००० रुपये. टेम्पो, मेजे, फलक, चहापाणी यांवर ८,००० गेले तरी ५५,००० उरतात. साडेतीनशे रुपये सरासरी किमतीने त्यातून दीडशेहून अधिक नवी, गावातल्या वाचकांनी मागितलेली पुस्तके येतात. दीडशे पुस्तकांना एक कपाट पुरते. सतरा कपाटे अडवणारा ढीग आणि एक कपाटभर हवी असलेली पुस्तके यांत ग्रंथपाल काय निवडेल हे विचारायलाही नको.

इथे कार्यकारिणीतून एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. ग्रंथालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. मग फुकट आलेली पुस्तके दाखल करून संख्या वाढवायची सोडून ती विकायची कशाला? वरच्या वर्गात गेलो तर अनुदान वाढेल, ते विक्रीच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त असेल. हा हिशोब कागदावर बरोबर दिसतो, आणि ज्या ग्रंथालयाला वरचा वर्ग अगदी थोडक्यासाठी हुकतो आहे त्याने देणगीतली खरोखर चांगली पुस्तके जरूर दाखल करावीत. माझा विरोध संख्येसाठी काहीही दाखल करण्याला आहे. वर्ग फक्त ग्रंथसंख्येवर ठरत नाही. सभासद, नियतकालिके, कामाचे तास, कर्मचारी हेही पाहिले जाते, आणि सभासद टिकतात ते कपाटात हात घातल्यावर वाचावेसे वाटणारे पुस्तक लागते म्हणून. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा कागदावरची संख्या आणि प्रत्यक्ष वापर यांतल्या अंतराचा प्रश्न सगळ्या चळवळीला चटका लावून गेला. १९९० सालची संगणक मार्गदर्शके, बाद झालेल्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिका आणि एकाच लोकप्रिय कादंबरीच्या सात प्रती यांनी भरलेली संख्या सभासदाला एकदा निराश करते आणि तो पुन्हा येत नाही. निवडून दाखल करा, बाकीचे विका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, किंबहुना त्या एकाच वेळी केल्या तरच दोन्ही नीट होतात.

आता व्यवस्थेकडे वळू. पहिली रेघ पक्की मारून घ्या : ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढलेले एकही पुस्तक या विक्रीत येता कामा नये. ती पुस्तके अनुदानातून, शासकीय योजनेतून किंवा कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली असू शकतात. ती काढून टाकायची तर निर्लेखनाची ठरलेली रीत आहे आणि ती ग्रंथालय संचालनालयाच्या नियमांप्रमाणेच व्हायला हवी. विक्रीसाठी आलेली पुस्तके म्हणून वेगळ्या खोलीत, वेगळ्या वहीत, पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. दुसरे, काम कुणाच्या नावाने करायचे. उत्साहात वेगळे मंडळ नोंदवायची घाई करू नका. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करताना आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याची बंधने येतात. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये मात्र आधीच संस्था आणि विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असतात. कार्यकारिणीने ठराव करून एक उपसमिती नेमावी, तिच्यात निम्म्याहून अधिक साधे सभासद असावेत, आणि सगळा पैसा ग्रंथालयाच्याच बँक खात्यात जावा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा विक्री पुस्तके आणि नियतकालिके एवढ्यापुरतीच ठेवली तर ती भानगड उद्भवत नाही. भेटवस्तू, शोभेचे कप, पेनस्टँड असले काही त्यात मिसळू नका. तरीही सुरू करण्याआधी ग्रंथालयाच्या लेखापरीक्षकाला एकदा विचारून घ्यावे. हे उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे हे तोच सांगेल.

पुस्तके मागवताना काय घेणार नाही हे आधी जाहीर करा. ही यादी ग्रंथालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावी : भिजलेली, बुरशी आलेली, पाने गेलेली पुस्तके, अभ्यासक्रम बदललेली क्रमिक पुस्तके आणि जुन्या परीक्षापद्धतीच्या मार्गदर्शिका. दुसरे वाक्य त्याहून महत्त्वाचे आहे. दिलेली पुस्तके विकली जातील, काही ग्रंथालयात दाखल होतील आणि काही रद्दीत जातील, हे देणगीदाराला स्पष्ट सांगावे आणि पावतीवर छापावे. ज्याला आपल्या वडिलांच्या नावाचे स्वतंत्र कपाट हवे आहे त्याला इथेच कळते की हा मार्ग त्याचा नाही, आणि पुढचा रुसवा टळतो. संकलन दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे करावे. तेव्हा घरे आवरली जात असतात आणि पाऊस ओसरलेला असतो. विक्री डिसेंबर-जानेवारीत, शाळांच्या परीक्षांच्या मोसमापासून लांब ठेवावी. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन धरून विक्री भरवण्याचा मोह होतो. पण त्या दिवशी ग्रंथालयाचे कर्मचारी कार्यक्रमांत अडकलेले असतात आणि गावातली सभागृहेही. पावसाळ्यात काही करू नये. ओलसर हवेत खोक्यात बांधून ठेवलेली पुस्तके पंधरा दिवसांत वास मारू लागतात.

सगळ्या कामाचा गाभा निवड हा आहे, आणि कष्टही त्यातच आहेत. आलेले खोके थेट ग्रंथालयाच्या खोलीत नेऊ नये. एका लागलेल्या पुस्तकाची कसर बाकीच्यांत शिरायला वेळ लागत नाही. व्हरांड्यात किंवा गच्चीच्या खोलीत, उजेडात, कंबरेएवढ्या उंच मेजावर एकेक पुस्तक हातात घ्यावे. आधी कण्याकडून उघडून हलकेच झटकावे : पीठ सांडले, बारीक छिद्रे दिसली, मातीच्या रेषा दिसल्या की ते तिथूनच वेगळे. मग शेवटची चार पाने पाहावीत, कारण कादंबऱ्यांची शेवटची पाने सगळ्यांत आधी निखळतात आणि विकत घेणाऱ्याला ते घरी गेल्यावर कळते. मग पुस्तक हातावर उलटे धरून पाने भराभर सोडावीत. जुन्या पुस्तकांत पत्रे, छायाचित्रे, बँकेचे कागद, क्वचित नोटाही निघतात. त्या त्याच दिवशी पाकिटात घालून पावतीवरच्या पत्त्यावर परत करायच्या. नंतर नामपृष्ठ. तिथे दुसऱ्या ग्रंथालयाचा किंवा शाळेचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर ते पुस्तक विकायचे नाही, त्या संस्थेला फोन करून परत द्यायचे. हे प्रकार वाटतात त्याहून पुष्कळ असतात. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी नेलेले पुस्तक घरच्यांना आपलेच वाटत असते. छपाई पुसट, कागद फिकट, मुखपृष्ठ छायाचित्र काढून छापल्यासारखे धूसर असेल तर ती चोरटी प्रत आहे. खपाऊ पुस्तकांच्या अशा प्रती रस्तोरस्ती मिळतात, आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या नावाने भरलेल्या विक्रीत त्या मांडणे हा लेखकावर अन्याय आहे आणि कॉपीराइट कायद्याचा भंगही.

इतक्या चाळणीतून उतरलेल्या पुस्तकांचे पुढे तीन भाग होतात. ग्रंथपालाला दाखवायची, दुर्मीळ असू शकणारी आणि थेट विक्रीची. ग्रंथपालाला पहिला हक्क द्यायलाच हवा : गावात मागणी असलेली पण ग्रंथालयात नसलेली किंवा फाटून गेलेली पुस्तके तो उचलेल. साधारण शंभरात पाच निघाली तरी पुष्कळ. दुर्मीळ वाटणाऱ्या पुस्तकांबाबत मात्र स्वयंसेवकांनी स्वतः निर्णय घेऊ नये. स्वातंत्र्यापूर्वीचे मराठी ग्रंथ, स्थानिक इतिहास, गावच्या संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका, जुन्या संगीत नाटकांच्या संहिता, मासिकांचे जुने अंक या गोष्टी दिसायला जीर्ण आणि बिनकामाच्या वाटतात, आणि नेमक्या त्याच कुठे दुसरीकडे शिल्लक नसू शकतात. ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० साली, ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. यांचे सलग संच हाती आले तर किलोच्या काट्यावर टाकण्याआधी पुणे मराठी ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांना किंवा जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला आधी यादी पाठवून विचारावे. अशा संचातून विक्रीत पाचशे रुपये मिळाले असते ते बुडाले तरी चालेल.

दरांबाबत नवख्या समित्यांचा कल पुस्तकाची छापील किंमत पाहून निम्मा दर लावण्याकडे असतो. त्याने दोन गोंधळ होतात. प्रत्येक पुस्तकावर विचार करत बसावे लागते, आणि १९७५ साली बारा रुपयांना निघालेले उत्तम पुस्तक सहा रुपयांना जाते तर मागच्या वर्षीचे सामान्य पुस्तक दोनशेला पडून राहते. तीन-चार ठोक दर ठेवावेत : मुलांची पुस्तके १० रुपये, दिवाळी अंक आणि मासिके १०, कागदी बांधणीची २०, पुठ्ठ्याच्या बांधणीची ५०, आणि एका वेगळ्या मेजावर निवडक पुस्तके १०० ते ३००. दर पुस्तकावर चिकटवू नये, जुन्या मुखपृष्ठांचा कागद त्यासोबत निघतो. मेजावर फलक लावला की पुरे. विषयांची विभागणीही मोजकीच असावी : कथा-कादंबरी, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, धर्म-अध्यात्म, आरोग्य-पाककृती, बालवाङ्मय, इंग्रजी, इतर. कविता आणि नाटके वेगळी मांडली तर कमी खपतात पण ज्याला हवी असतात तो नेमका तिथेच जातो, म्हणून त्यांना लहानसे का होईना वेगळे मेज द्यावे. पुस्तके आडवी रचून ढीग करू नये. कणा वर येईल अशी खोक्यांत उभी लावली की ग्राहक नावे वाचत पुढे सरकतो आणि ढीग कोसळत नाहीत. फळवाल्यांकडची सफरचंदाची खोकी याला सोयीची असतात. विक्री तीन दिवसांची पुरे : पहिल्या दिवशी पूर्ण दर, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी दुपारनंतर १०० रुपयांत मावतील तेवढी पिशवीभर. काही जण तिसऱ्या दिवसासाठी थांबतील अशी भीती घालतात. थांबतीलही. पण ज्याला एखादे विशिष्ट पुस्तक हवे आहे तो थांबत नाही, आणि जो थांबतो तो एरवी आलाच नसता.

जुन्या पुस्तकांचे व्यापारी येऊन सगळे चांगले उचलून नेतील हा आक्षेप अमेरिकेतल्या विक्रींनाही सतत भेडसावतो. हातातल्या यंत्रावर पुस्तकाचा क्रमांक टिपून तिथल्या तिथे बाजारभाव पाहणारे खरेदीदार तिथे रांगेत पुढे असतात, आणि काही मित्रमंडळांनी त्यांच्यावर बंधने घातली आहेत. आपल्याकडे मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा धोका कमी असला तरी उपाय सोपा आहे. पहिले दोन तास सभासदांसाठी राखून ठेवा. त्याने सभासदत्वाचाही फायदा होतो. त्या दिवशी वर्गणी भरणाऱ्यालाही आत सोडावे. पहिल्या दिवशी एका माणसाला पंधरा पुस्तकांची मर्यादा घाला. पण व्यापाऱ्याला हाकलून लावू नका. माटुंग्याच्या किंवा फोर्टच्या पदपथावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बसणाऱ्या विक्रेत्यांनी किती संशोधकांना त्यांची पुस्तके मिळवून दिली आहेत! पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याचे काम तेही करतात, आणि त्यावर त्यांचे घर चालते. गावात असा विक्रेता असेल तर समितीने त्याच्याशी आधीच बोलावे, तिसऱ्या दिवशीचा उरलेला माल ठोक भावाने त्याला देऊ करावा. दरांची समज त्याच्याइतकी कुणालाच नसते. तो सल्लागार म्हणून मिळाला तर समितीचे अर्धे काम हलके होते.

याहून खोल आक्षेप भावनेचा आहे. पुस्तक म्हणजे सरस्वती, ती दान द्यायची, तिचा बाजार मांडायचा नाही. फुकट वाटा, असे पुष्कळ लोक मनापासून म्हणतात. त्या भावनेचा मला आदर आहे, पण फुकट वाटपाचा परिणाम पाहिला तर ती भावना त्यात जपली जात नाही. फुकट मिळते म्हणून माणूस दहा उचलतो आणि एकही वाचत नाही. वीस रुपये देणारा निदान मागचे पान वाचून पाहतो. किंमत अगदी किरकोळ असली तरी ती निवड करायला लावते. ज्याला वीस रुपयेही जड आहेत त्याच्यासाठी वाट वेगळी ठेवावी : शाळकरी मुलाला पसंतीचे एक पुस्तक विनामूल्य, आणि पालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांना आधी बोलावून बालवाङ्मयातली निवड करू द्यावी. लेखक आणि प्रकाशकांच्या पोटावर पाय येतो का, हाही प्रश्न रास्त आहे, कारण जुन्या प्रतीच्या विक्रीतून लेखकाला मानधन मिळत नाही. पण विक्रीतला बराच माल छपाईत नसलेला असतो, आणि हा पैसा नवी पुस्तके घ्यायला वापरला तर तो पुन्हा प्रकाशकाकडेच जातो. मिळकतीचा किमान निम्मा भाग नव्या मराठी पुस्तकांच्या खरेदीलाच लावायचा असा ठराव समितीने आधीच करावा, आणि ती खरेदी गावातल्या पुस्तकदुकानातून करावी. मग दुकानदारही विक्रीचा फलक आपल्या दारात लावतो.

आणखी एक शंका अनुभवी कार्यकर्ते बोलून दाखवतात : लोक स्वतः पैसा उभा करू लागले की शासन अंग काढून घेईल. हा धोका खरा मानूनच पैशाचा वापर ठरवावा. विक्रीची रक्कम वेतन, भाडे, वीजबिल अशा कामांना लावू नये, कारण ती शासनाची जबाबदारी आहे आणि एकदा ती लोकांनी उचलली की परत देता येत नाही. एक किंवा दोन ठळक गोष्टी विक्रीआधीच जाहीर कराव्यात : बालविभागाची बाके, अमुक इतकी नवी पुस्तके, वाचनकक्षाचे दिवे. विक्रीच्या ठिकाणी ग्रंथालयाच्या खात्याचा क्यूआर कोड लावावा, रोख पैशासाठी क्रमांक असलेली पावतीपुस्तके ठेवावीत, रोज रात्री दोन जणांनी मिळून मोजून सही करावी. महिन्याच्या आत सूचनाफलकावर एक पान लागले पाहिजे : किती पुस्तके आली, किती दाखल झाली, किती विकली, किती रद्दीत गेली, किती रुपये आले, कशावर गेले. रद्दीचा आकडा लपवू नये. तो वाचून पुढच्या वर्षी देणगीदार स्वतःच घरी निवड करून आणतो.

स्वयंसेवकांविषयी थोडे. विक्रीच्या तीन दिवसांना माणसे मिळतात, निवडीच्या दोन महिन्यांना मिळत नाहीत. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, वाचणाऱ्या गृहिणी यांच्यातून आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, दोन-दोन तास देणारे सहा-आठ जण मिळाले तरच सुरुवात करावी. नाहीतर पहिले वर्ष पाचशे पुस्तकांपुरतेच ठेवावे. पुस्तकांनी भरलेले खोके पंधरा-वीस किलोचे होते, म्हणून उचलायला महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुले बोलवावीत आणि खोकी अर्धीच भरावीत. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांकडून यातले कोणतेही काम करून घेऊ नये. त्यांचा पगार आधीच तुटपुंजा आहे आणि त्यांचे काम वाचकांना पुस्तके देणे हे आहे.

शेवटी उरलेल्या मालाची सोय विक्रीच्या आधी ठरलेली हवी, कारण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे थकलेले असतात आणि ‘सध्या ठेवून देऊ’ असा निर्णय होतो. तसे झाले की जिन्याखालचा ढीग पुन्हा तयार झाला. ठोक घेणारा विक्रेता रविवारी सकाळी येणार हे ठरवून ठेवावे; त्याच्यानंतर वृद्धाश्रम, रुग्णालयातली वाचनपेटी, कारागृहाचे ग्रंथालय यांनी आधी मागितले असेल तेवढेच त्यांना द्यावे, न मागता कुणाच्या गळ्यात मारू नये. त्यातूनही जे राहील ते रद्दीवाल्याला द्यावे, आणि सोमवारी सकाळी ती खोली झाडून ग्रंथपालाच्या ताब्यात द्यावी. किल्ली परत केल्याची नोंद उपसमितीच्या वहीत शेवटच्या पानावर करावी आणि त्याच पानावर पुढच्या वर्षीच्या संकलनाची तारीख लिहून ठेवावी.